तडजोड झाली, आता ती दुकानात येऊन तपासा : स्पर्धा आयोगाला सांगलीहून खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय स्पर्धा आयोग,
नवी दिल्ली

विषय : अँड्रॉइड टीव्ही प्रकरणातील गूगलची तडजोड, तिची अंमलबजावणी आणि यापुढच्या तडजोडींच्या अटी

सविनय नमस्कार.

२१ एप्रिल २०२५ रोजी आयोगाने गूगलचा तडजोडीचा प्रस्ताव बहुमताने मंजूर केला. स्पर्धा कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४८अ खालची ही पहिलीच तडजोड. १५ टक्के सवलत वजा जाता कंपनीने २०.२४ कोटी रुपये भरायचे ठरले. भारतातल्या अँड्रॉइड स्मार्ट टीव्हींसाठी प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेसचा (ॲप्सना पाठीमागून लागणाऱ्या गूगलच्या सेवांचा) सुटा परवाना, म्हणजे बाकीच्या गूगल ॲप्सची सक्ती न करता, शुल्क घेऊन द्यायचा ठरला. गूगलची ॲप्स नसलेले टीव्ही भारतात आणताना सुसंगतता कराराची, म्हणजे अँड्रॉइडची बदललेली आवृत्ती न वापरण्याच्या कराराची, अट लावायची नाही, हेही ठरले. मुदत ५ वर्षांची.

आम्ही सांगली, मिरज, कुपवाड पट्ट्यात टीव्ही विकणारे, टीव्ही दुरुस्त करणारे आणि त्यांच्या सोबतीने स्पर्धा कायद्याचे काम पाहणारे लोक आहोत. तडजोडीच्या वाटेला आमचा विरोध नाही. फोनच्या प्रकरणात आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये याच कंपनीला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. प्रकरण अपील न्यायाधिकरणात गेले, स्थगितीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले, आणि मार्च २०२३ मध्ये न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला तरी आयोगाचे काही निर्देश रद्द केले. बाजार एवढा वेळ कोणासाठी थांबत नाही. तडजोडीने हा काळ वाचतो, हे आम्हाला मान्य आहे. पण कलम ४८अ खालच्या आदेशावर अपील करता येत नाही. अट लिहिताना जे निसटले ते पुढे कोणी भरून काढू शकत नाही. म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे : तडजोडीची अट अशी लिहा, की ती पाळली जाते की नाही हे कंपनीला न विचारता बाजारातल्या माणसाला तपासता यावे. या तडजोडीत ती सोय अपुरी आहे.

मुळात गुंता काय होता, ते आधी थोडक्यात. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या बड्या पेढीने शेतकऱ्याला सांगावे, की हळद माझ्याकडे लावायची तर बेदाणाही माझ्याच पेढीवर आणायचा, आणि घरातल्या कोणी दुसऱ्या पेढीची पायरीही चढायची नाही. तसे हे होते. टीव्ही कंपनीला प्ले स्टोअर हवे असेल तर गूगलच्या ॲप्सचा पूर्ण संच टीव्हीत आधीच बसवून द्यावा लागे. शिवाय सुसंगतता करारावर सही करावी लागे. अँड्रॉइडच्या मुक्त संहितेत, म्हणजे कोणालाही वापरता येणाऱ्या मूळ कोडमध्ये, आपल्या मर्जीने बदल करून बनवलेली प्रणाली त्या कंपनीला मग आपल्या कोणत्याच उपकरणावर आणता येत नसे. जून २०२१ मध्ये चौकशीचे आदेश देताना आयोगाने बोट ठेवले ते या दोन गोष्टींवर. २०२५ च्या आदेशाने दोन्ही गाठी सोडवल्या आहेत, पण कागदावर. दुकानात काय बदलायला हवे आणि ते कुठे अडेल, हे आम्ही रोज पाहतो.

३२ इंची टीव्ही घ्या. ऊसबिल जमा झाले, दिवाळी आली, की आमच्याकडे याच मापाला जास्त गिऱ्हाईक असते. आत एकच मेन बोर्ड. त्यावर मीडियाटेक, अ‍ॅमलॉजिक किंवा रियलटेकची चिप, १ जीबी रॅम, ८ जीबी ईएमएमसी मेमरी. बहुतेक छोटे ब्रँड बोर्ड स्वतः बनवत नाहीत. कंत्राटी कारखाना बनवतो आणि चिप कंपनीने दिलेले तयार सॉफ्टवेअर त्यात भरतो. गूगलच्या टीव्ही आवृत्तीचे सॉफ्टवेअर घेतले की काम सोपे. मुक्त अँड्रॉइड घेतले की होम स्क्रीन, ॲप्सचे दुकान, रिमोटवरच्या बटणांची जोडणी, अपडेट पाठवणारा सर्व्हर, सगळे ब्रँडने स्वतः उभे करायचे. त्यानंतर प्रत्येक ओटीटी कंपनीच्या चाचण्या वेगळ्या. बोर्ड निवडण्यापासून खोके दुकानात येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जाते. ५ वर्षांच्या तडजोडीतले पहिले दीड वर्ष इथेच संपले असे धरून चालावे लागेल.

सॅमसंग आणि एलजी यांनी आपापल्या प्रणालीवर टीव्ही चालवून दाखवले आहेत. प्ले स्टोअरवाचून टीव्ही चालतो, यात शंका नाही. प्रश्न आहे तो ज्यांच्याकडे स्वतःची प्रणाली सांभाळायला माणसे नाहीत, अशा ब्रँडचा. तडजोडीचा उपयोग त्यांना व्हायला हवा.

इथे एक गोष्ट आयोगाने बारकाईने पाहावी अशी विनंती आहे. ती म्हणजे वाइडवाइन. चित्रपट-मालिकांची चोरी होऊ नये म्हणून ओटीटी कंपन्या जे कुलूप वापरतात त्यातले अँड्रॉइडवरचे मुख्य कुलूप हे, आणि २०१० पासून ते गूगलच्या मालकीचे आहे. त्याच्या पातळ्या आहेत. पहिल्या पातळीत किल्ली चिपच्या सुरक्षित भागात कारखान्यातच बसवली जाते आणि चित्र उलगडण्याचे काम तिथेच होते. तिसऱ्या पातळीत सगळे निव्वळ सॉफ्टवेअरवर चालते, आणि बऱ्याच ओटीटी सेवा अशा टीव्हीला साध्या दर्जाचेच, म्हणजे ४८० रेषांच्या आसपासचे चित्र देतात. दुकानात याची तक्रार ठरलेली : केबलचे चित्र छान दिसते, मोबाइलवर तोच चित्रपट स्वच्छ दिसतो, टीव्हीवर मात्र धुरकट, पॅनल बदलून द्या. पॅनल उत्तम असते, बॅकलाइटच्या पट्ट्या उत्तम असतात. किल्लीची पातळी खालची असते. बिचारे गिऱ्हाईक पॅनलचा खर्च करून मोकळे होते आणि चित्र तसेच राहते.

दुरुस्तीच्या टेबलावर हे आणखी स्पष्ट कळते. ८ जीबीची ईएमएमसी लहान असते, तिच्यावर सतत लिहिणे-पुसणे चालू असते, काही वर्षांत ती थकते. टीव्ही लोगोवर अडकतो. ईएमएमसी बदलता येते, पण जुन्या चिपमधला सगळा मजकूर आधी वाचून जपून ठेवावा लागतो. कारण अनेक बोर्डांवर फर्मवेअरसोबत (टीव्ही चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरसोबत) वाइडवाइनची किल्ली, एचडीएमआयच्या कुलपाची किल्ली आणि टीव्हीचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची त्याची ओळख) त्याच चिपवर असतो. जुनी चिप वाचलीच नाही आणि दुसऱ्या टीव्हीचा मजकूर भरला, तर किल्ली दुसऱ्याची येते किंवा पातळी थेट तिसरीवर घसरते. नवी किल्ली कारागिराला कुठेही मिळत नाही. ती ब्रँडकडूनच यावी लागते, आणि ब्रँडने बाजार सोडला असेल तर विषय संपला.

हे सगळे आयोगापुढे मांडण्याचे कारण असे, की उद्या एखाद्या ब्रँडने तडजोडीचा आधार घेऊन प्ले स्टोअर नको म्हटले, तरी पहिल्या पातळीच्या किल्लीसाठी त्याला गूगलचेच दार ठोठावावे लागणार. यूट्यूबचेही तेच. टीव्हीवर यूट्यूब नीट चालण्यासाठी यूट्यूबची मान्यता लागते, आणि यूट्यूब नसलेला टीव्ही जत किंवा शिराळ्याच्या दुकानात कोणी घेणार नाही. एक दार उघडायचे आणि शेजारचे दोन दरवाजे बंद ठेवायची मुभा द्यायची, यात स्पर्धा कुठून येणार? तेव्हा प्ले स्टोअरच्या संचातून बाहेर पडणाऱ्या ब्रँडला वाइडवाइन आणि यूट्यूबची मान्यता इतरांइतक्याच मुदतीत आणि त्याच अटींवर मिळेल, हे वाक्य अटीत स्पष्ट शब्दांत हवे. मान्यतेचा अर्ज कोणत्या तारखेला आला आणि निकाल कोणत्या तारखेला दिला, याची नोंद आयोगाकडे दर तिमाहीला गेली पाहिजे. तारखांची तुलना कोणालाही करता येते, तिला तज्ज्ञ लागत नाही.

शुल्काचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा. सुटा परवाना विकत मिळणार. जुना पूर्ण संच मात्र पूर्वीसारखाच विनामूल्य मिळत राहिला, वर जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटाही मिळाला, तर ३२ इंची टीव्हीवर नगामागे काहीशे रुपये सुटणारा ब्रँड सुटा परवाना कशाला घेईल? युरोपीय आयोगाने जुलै २०१८ मध्ये अँड्रॉइड फोनच्या प्रकरणात गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला. त्यानंतर ऑक्टोबर २०१८ पासून कंपनीने तिथे ॲप्सच्या परवान्याला शुल्क लावले आणि सर्च व क्रोमचा वेगळा परवाना विनामूल्य ठेवला. गणित ज्याचे त्याने करावे. आमची मागणी अशी, की शुल्क ठरवण्याचे सूत्र आयोगाने तपासावे, सारख्या ब्रँडना सारखे शुल्क आहे याची खात्री करावी, आणि दरवर्षी दोन आकडे जाहीर करावेत : सुटा परवाना किती कंपन्यांनी घेतला आणि त्यावर किती मॉडेल बाजारात आली. व्यापारी गुपित म्हणून रक्कम झाकली तरी चालेल. पण हे दोन आकडे झाकण्यासारखे नाहीत. सलग दोन वर्षे ते शून्य आले, तर शुल्काचा फेरविचार व्हावा.

सुसंगतता कराराची सूट भारतापुरती आहे, हेही लक्षात घ्यावे. कंत्राटी कारखाना एकच बोर्ड चार देशांसाठी बनवतो. बाकीच्या तीन देशांत तोच करार लागू असेल, तर फक्त भारतासाठी वेगळे सॉफ्टवेअर ठेवण्याची जोखीम कारखाना घेताना दहादा विचार करेल. भारतात सूट घेतल्याबद्दल परदेशातल्या परवान्यावर कोणताही परिणाम होणार नाही, असे कंपनीने ब्रँडना आणि कारखान्यांनाही लेखी कळवायला हवे. परवान्याशिवायही मुक्त अँड्रॉइड वापरता येते, असे पत्र कंपनीने आपल्या भागीदारांना पाठवायचे ठरले आहे. ते पत्र आयोगाच्या संकेतस्थळावर जसेच्या तसे ठेवा. कोणत्या शब्दांत कळवले यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

परदेशात अशा तडजोडी कुठे फसल्या, ते पाहिले की आम्ही तपासणीवर एवढा भर का देतो हे कळेल. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००९ मध्ये युरोपीय आयोगाला हमी दिली, की विंडोज वापरणाऱ्यांना ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवू. विंडोज ७ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये तो पडदा गळाला. मे २०११ ते जुलै २०१२, सुमारे १४ महिने, जवळपास दीड कोटी लोकांना तो दिसलाच नाही. हमी पाळली जाते की नाही, हे पाहण्याचे काम मुख्यत्वे कंपनीकडेच होते. मार्च २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरोंचा दंड झाला, पण ज्यांची निवड हुकली त्यांची हुकलीच. नव्या संगणकांपैकी मोजके १० दर महिन्याला कोणी उघडून पाहिले असते, तरी हे लवकर उघडकीला आले असते.

अमेरिकेत त्याच कंपनीवरचा १९९८ चा खटला नोव्हेंबर २००१ मध्ये तडजोडीत गेला. तिथल्या १९७४ च्या कायद्याप्रमाणे तडजोडीचा मसुदा प्रसिद्ध करून ६० दिवस लोकांची मते मागवावी लागतात. त्या वेळी ३० हजारांहून जास्त मते आली. देखरेखीला तीन तज्ज्ञांची तांत्रिक समिती नेमली, खर्च कंपनीचा, आणि समितीला सोर्स कोड पाहण्याचा अधिकार होता. तरीही प्रतिस्पर्ध्यांना द्यायची तांत्रिक कागदपत्रे वेळेत आणि धड तयार झाली नाहीत. २००७ मध्ये संपणारी मुदत वाढवत वाढवत मे २०११ पर्यंत न्यावी लागली. यातून दोन तरतुदी उचलण्यासारख्या आहेत : सोर्स कोडपर्यंत पोहोचणारी समिती, आणि अट पाळायला उशीर झाला तर तेवढी मुदत आपोआप वाढणे. या ५ वर्षांना दुसरी तरतूद आजच लावता आली तर उत्तम. ते शक्य नसेल, तर पुढच्या प्रत्येक तडजोडीत ती असावी.

आता तपासणी कशी करावी, ते सांगतो. कंपनीने किंवा ब्रँडने दिलेला नमुना घेऊ नये. सांगली, विटा, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), जत अशा चार ठिकाणच्या साध्या दुकानांतून १० मॉडेल, प्रत्येकी २ नग, रीतसर बिल करून सीलबंद घ्यावेत. खोके कॅमेऱ्यासमोर फोडावे. टीव्ही आधी इंटरनेट न जोडता सुरू करावा आणि होम स्क्रीनवर, रिमोटवर काय काय आधीच आहे ते टिपावे. नंतर वायफाय जोडून पहिले अपडेट होऊ द्यावे आणि तीच यादी पुन्हा करावी. काढलेली ॲप्स अपडेटसोबत परत येतात, आणि खोके फोडल्या फोडल्या पाहिले तर ते कळत नाही. मग सेटिंग्जमधल्या अबाउटमध्ये जाऊन प्रणालीची आवृत्ती, बिल्ड क्रमांक आणि सिक्युरिटी पॅचची तारीख लिहून घ्यावी. डीआरएम इन्फो नावाचे मोफत ॲप टाकले की वाइडवाइनची पातळी एका ओळीत दिसते. एका नगावर पेनड्राइव्हवरून दुसरे ॲप स्टोअर टाकून पाहावे आणि प्रणाली ते अडवते, भीती घालणारा इशारा देते की सरळ चालू देते, हे नोंदवावे. शेवटी फॅक्टरी रिसेट मारून सगळे पुन्हा पाहावे. दुसरा नग मुद्दाम हात न लावता ठेवायचा आणि ३ महिन्यांनी हीच तपासणी त्यावर करायची. अपडेटने काय बदलले, ते दोन नगांच्या फरकातून कळते. एका मॉडेलला एका माणसाचा एक दिवस लागतो. २०.२४ कोटींच्या तडजोडीपुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि देखरेखीसाठी बाहेरची संस्था नेमण्याची सोय आयोगाच्या २०२४ च्या नियमांत आहेच.

गूगलच्या बाजूचा एक मुद्दा आम्ही टाळणार नाही. सुसंगतता करार नसला तर सुरक्षेचे काय, असे ते विचारतील, आणि प्रश्न रास्त आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये व्होइड नावाने ओळखल्या गेलेल्या व्हायरसने जगभरातले सुमारे १३ लाख अँड्रॉइड टीव्ही बॉक्स पोखरल्याचे उघड झाले. २०२५ मध्ये बॅडबॉक्स २.० नावाच्या तशाच जाळ्यात मान्यता नसलेली १० लाखांहून जास्त उपकरणे सापडली. खोक्यावर ‘स्मार्ट अँड्रॉइड’ छापलेले, पॅच कधीच न मिळणारे, फोनचे प्ले स्टोअर चोरून भरलेले स्वस्त टीव्ही आमच्या जिल्ह्यातही विकले जातात, आणि घरातल्या वायफायवरून दुसऱ्यांच्या यंत्रांवर हल्ले करायला ते वापरले जाऊ शकतात. पण यावरचा इलाज एकाच कंपनीच्या करारात सगळ्यांना बांधून ठेवणे हा नव्हे. खोक्यावर चार ओळी छापणे बंधनकारक करता येईल : प्रणालीचे नाव, प्ले स्टोअर अधिकृत आहे की नाही, वाइडवाइनची पातळी, आणि सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्या-वर्षापर्यंत मिळतील. हे छापायला लावण्याचा अधिकार आयोगाकडे नसेल, तर ग्राहक व्यवहार खात्याकडे शिफारस पाठवावी. ती शिफारस आम्ही दुकानाच्या काउंटरवर लावून ठेवू.

कायद्याच्या दोन गोष्टी उरल्या. अट मोडली, पूर्ण आणि खरी माहिती दिली नाही किंवा परिस्थिती मूलतः बदलली, तर कलम ४८क खाली तडजोड रद्द करून चौकशी पुन्हा सुरू करता येते आणि १ कोटी रुपयांपर्यंत खर्च वसूल करता येतो. पण अट मोडल्याचे आयोगाला कळवायचे कोणी आणि कसे? आज त्यासाठी सांगलीतल्या दुकानदाराला इंग्रजीत रीतसर अर्ज करावा लागेल. मराठीत, फोटो आणि बिलासह, एका पानावर तक्रार घेणारी सोय हवी, आणि त्या तक्रारीला क्रमांक मिळायला हवा. दुसरी गोष्ट, तडजोड झाली तरी कलम ५३न खाली नुकसानभरपाई मागता येते. ही बाब ब्रँडना, कारखान्यांना ठाऊक नसते. आदेशाच्या सारांशात ती ठळक अक्षरांत घालावी, आणि पुढच्या तडजोडींचे सारांश मराठीसह प्रादेशिक भाषांत काढून हरकतींना किमान ६० दिवस द्यावेत.

आयोगाने तपासणीसाठी कोणाला सांगली-मिरजेला पाठवले, तर दुकानांची यादी, ईएमएमसी वाचण्याची साधने आणि हाताखाली काम करणारे कारागीर आम्ही देऊ. मोबदला नको. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे सोडून कधीही या, कारण त्या दिवसांत नवे मॉडेल लावले जातात आणि जुना माल घाईत निघतो. त्यानंतर मात्र लगेच या. नव्या मॉडेलना तोवर पहिले अपडेट मिळालेले असते.

कळावे,

आपले,
सांगली, मिरज आणि कुपवाड येथील टीव्ही विक्रेते, दुरुस्ती कारागीर आणि स्पर्धा कायद्याचे अभ्यासक